डग मिराबेली: दुसऱ्या कॅचरची किंमत कशात मोजायची?

मेधा_बॉस्टन

बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने मार्च २००८मध्ये डग मिराबेली या कॅचरला (विकेटकीपरसारखा, बॅटरमागे बसून चेंडू धरणारा) मोकळं केलं. तो विषय निघाला की आमच्या इथल्या मराठी मंडळींतही एकच सूर लागतो: ३७ वर्षांचा झाला होता, आदल्या मोसमात बॅटिंगची सरासरी ०.२०२ (शंभर प्रयत्नांत जेमतेम वीस हिट), मग ठेवायचा कशाला? मला हा हिशोबच मान्य नाही.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुख्य कॅचर जेसन व्हॅरिटेक, संघाचा कप्तान. मिराबेली २००१च्या जूनमध्ये टेक्सासकडून आला, तो दुसरा कॅचर म्हणूनच. पिचर (चेंडू टाकणारा) टिम वेकफिल्डची पाळी आली की खेळायचा, एरवी बहुतेक वेळ बाकावर. वेकफिल्ड नकलबॉल टाकायचा. या चेंडूला फिरकी जवळजवळ नसते. शिवणीमुळे हवेचा प्रवाह कधी या अंगाने तुटतो, कधी त्या, आणि चेंडू शेवटच्या क्षणी कुठे सरकेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वेग ताशी १०५-११० किलोमीटर, बाकीच्यांच्या मानाने फारच कमी. बॅटर फसतो ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की कॅचरही फसतो, आणि बेसवर, म्हणजे रन करण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर, कोणी असताना चेंडू निसटला की त्याला पुढचा बेस आयता मिळतो.

२००४च्या लीग फायनलमधली न्यूयॉर्क यांकीजविरुद्धची पाचवी मॅच आठवा. वेकफिल्ड जादा इनिंग्जमध्ये आला, मागे व्हॅरिटेक. तेराव्या इनिंगमध्ये चेंडू तीनदा त्याच्या हातून निसटला. हरलो तर मोसम संपला अशी मॅच, आणि यांकीजचा माणूस तिसऱ्या बेसवर, रनपासून एकच टप्पा लांब. त्यांचा बॅटर रूबेन सिएरा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला म्हणून वाचलो. व्हॅरिटेक लेचापेचा कॅचर नव्हता. हे काम वेगळंच होतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे डिसेंबर २००५मध्ये सॉक्सनी मिराबेली सॅन दिएगो पाद्रेजना देऊन मार्क लोरेटा घेतला. व्यवहार वाईट नव्हता, लोरेटा पुढच्या वर्षी ऑल-स्टार मॅच (निवडक खेळाडूंची मॅच) खेळला. मिराबेलीच्या जागी आला जॉश बार्ड. वेकफिल्डच्या पाच मॅचमध्ये बार्डच्या हातून दहा पास्ड बॉल (धरायला हवे होते पण निसटले असे चेंडू) झाले. १ मे २००६ला सॉक्सनी बार्ड आणि क्ला मेरेडिथ नावाचा तरुण रिलीव्हर (मॅच मध्यावर आल्यावर उतरणारा पिचर) देऊन मिराबेलीला परत आणला. त्याच संध्याकाळी फेनवेवर, आपल्या घरच्या मैदानात, यांकीजविरुद्ध मॅच होती. विमानतळावरून पोलिसांच्या गाड्यांच्या बंदोबस्तात आणलं, युनिफॉर्म त्याने गाडीतच चढवला, आणि तसाच तो प्लेटमागे जाऊन बसला. मॅच आपण ७-३ने जिंकली.

ज्या माणसासाठी इतकी धावाधाव केली, त्याला दोन वर्षांनी सोडताना कारण दिलं जातं बॅटिंगचं. वेकफिल्डने २००७मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, १७ मॅच जिंकल्या, आणि मिराबेली संघात होता तो मुळात त्याच्यासाठी. राखीव खेळाडू ज्या कामासाठी ठेवलेला असतो त्या कामात त्याची किंमत मोजा, बाकीचं नंतर बघू.

निखिल_पी

मेधाताई, पोलिसांच्या गाड्यांची गोष्ट फार सुंदर आहे आणि तिथेच घोटाळा होतो. त्या गोष्टीमुळे लोक पुढचं विसरतात. बार्डने त्या वर्षी पाद्रेजकडून ०.३३८च्या सरासरीने बॅटिंग केली. मेरेडिथने सलग ३३ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग्ज एकही रन दिला नाही, पाद्रेजचा विक्रम केला. मिराबेलीची सॉक्सकडून सरासरी ०.१९३. पाद्रेज आपल्या विभागात पहिले आले, सॉक्स तिसरे.

पाच मॅच बघून घाबरून घेतलेला निर्णय होता तो. बार्डला मे महिना पूर्ण द्यायला हवा होता. नकलबॉल धरणं अवघड आहे हे कबूल, पण ती शिकण्यासारखी गोष्ट आहे, जन्मजात देणगी नाही.

आणि २००८बद्दल म्हणाल तर रोस्टर (संघाची यादी) तेव्हा २५ जणांचं. त्यातली एक जागा पाच दिवसांतून एकदा, वेकफिल्डच्या पाळीला, खेळणाऱ्याला द्यायची, तर त्या एका दिवशी त्याने बॅटने काहीतरी करायला हवं. नाहीतर त्या दिवशी आपण बॅटिंगला नऊऐवजी आठच जण घेऊन उतरतो.

सुहास_सनीव्हेल

आमच्या पिढीला हे पटकन कळतं. चंद्रशेखर बोलिंगला असला की चेंडू कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसायचं म्हणतात. १९७१ला ओव्हलवर त्याने ३८ धावांत ६ घेतले तेव्हा मागे फारुख इंजिनियर होता. बोलर सगळ्यांना आठवतो. मागचा माणूस नसता तर त्या विकेट कुठून आल्या असत्या? मेधाचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

निखिल_पी

काका, इंजिनियरने त्याच मॅचमध्ये पहिल्या डावात ५९ केल्या आणि दुसऱ्या डावात शेवटपर्यंत नाबाद राहिला. माझा मुद्दा तोच आहे.

अश्विनी_क

मी निखिलच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. मिराबेलीला सोडल्यावर काय झालं हे इथे कोणीच लिहिलं नाही. त्याची जागा घेतली केव्हिन कॅशने. वेकफिल्डचा ईआरए (दर नऊ इनिंग्जना पिचरच्या खात्यावर पडलेले सरासरी रन, कमी तितका चांगला) २००७मध्ये मिराबेली असताना ४.७६ होता, २००८मध्ये ४.१३ झाला. जिंकलेल्या मॅच १७वरून १० झाल्या हे खरं. पण जिंकणं-हरणं आपल्या बॅटिंगवरही ठरतं. पिचरने किती रन दिले ते बघायचं तर ईआरए बघावा, आणि तो सुधारला. २००९मध्ये जॉर्ज कोटारस मागे बसायला लागला, आणि त्या वर्षी वेकफिल्ड आयुष्यात पहिल्यांदा ऑल-स्टार झाला.

म्हणजे ज्या कामात किंमत मोजा असं मेधा म्हणते, त्याच कामात मोजलं तरी मिराबेलीशिवाय काही अडलं नाही. माणूस म्हणून त्याच्याबद्दल मला आदर आहे. दोन वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकलेल्या संघांत तो होता आणि त्याने कधी तोंड वाकडं केल्याचं दिसलं नाही. पण खेळाडू अपरिहार्य होता असं म्हणायला पुरावा लागतो.

मेधा_बॉस्टन

अश्विनी, ईआरएचा मुद्दा चांगला आहे, पण त्यातून तू काढतेस तेवढं निघत नाही. एक तर ईआरएमध्ये पास्ड बॉलमुळे झालेले रन धरतच नाहीत. कॅचर किती वाईट आहे हे ज्या आकड्यातून मुद्दाम वगळलेलं असतं, तोच आकडा कॅचर मोजायला कसा वापरायचा?

दुसरं, कॅश २००८ला कोरा आला नव्हता. २००७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो सॉक्सकडून खेळला होता, वेकफिल्डच्या मागे बसला होता. मग स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाचे, आठवडे मिळाले. निखिल म्हणतो ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, मलाही तसंच वाटतं. पण एप्रिल २००६मध्ये बार्ड ते शिकत होता चालू मोसमात, भरल्या मैदानात, आणि प्रत्येक चुकीचा भुर्दंड वेकफिल्ड भरत होता. बेसवर माणूस असताना कॅचरवर भरवसा नसेल तर नकलबॉलवाला काय करतो? फास्टबॉल टाकतो. वेकफिल्डचा फास्टबॉल ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. मेजर लीगच्या बॅटरला तो म्हणजे मेजवानी.

मिराबेलीचं काम नुसतं चेंडू धरण्याचं नव्हतं. नेहमीपेक्षा मोठा मिट (कॅचरचा हातमोजा) घालून तो शेवटपर्यंत हात ढिला ठेवायचा, चेंडूकडे झेपावायचा नाही, येऊ द्यायचा. त्यामुळे वेकफिल्ड तिसऱ्या बेसवर माणूस असतानाही नकलबॉलच टाकू शकायचा. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सांगा.

ओंकार_पुणे

मी गेल्या दोन-तीन वर्षांत बेसबॉल बघायला लागलो, त्यामुळे एक शंका. मिराबेली इतका गरजेचा होता तर बाकीच्या संघांनीही असे खास कॅचर ठेवले का?

मेधा_बॉस्टन

ठेवले. नकलबॉलवाल्या आर. ए. डिकीला २०१२मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळालं, आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला टोरंटोला दिलं. त्याच व्यवहारात त्याचा नेहमीचा कॅचर जॉश थोलही गेला. बॅटिंगसाठी थोलला कोणी मागितलं नसतं.

निखिल_पी

आणि २०१६मध्ये थोलची सरासरी दोनशेच्याही (म्हणजे ०.२००च्या) खाली होती, हे पण लिहा.

मेधा_बॉस्टन

लिहिते की. दोनशेच्या खाली होती आणि तरी टोरंटोने त्याला ठेवला, कारण डिकी अजून टाकत होता. मोसम संपल्यावर दोघांनीही टोरंटो सोडलं. टोरंटोवाल्यांना बॅटिंगचे आकडे वाचता येत नव्हते असं तुझं म्हणणं आहे का?

अश्विनी_क

नाही, पण संघही सवयीने निर्णय घेतात. पिचरला सोयीचं वाटतं म्हणून एक जागा अडवून ठेवायची, ही सवय सॉक्सनी २००८मध्ये मोडली आणि त्यांचं नुकसान झालं नाही. माझ्या मते मिराबेलीला सोडण्याचा निर्णय बरोबर होता, फक्त वेळ वाईट होती. टोकियोला मोसम सुरू करायला संघ निघणार, त्याच्या काही दिवस आधी सात मोसम आपल्याकडे खेळलेल्या माणसाला निरोप द्यायचा? जानेवारीत सांगितलं असतं तर दुसरा संघ शोधायला त्याला वेळ मिळाला असता. तो पुन्हा मेजर लीगमध्ये खेळला नाही.

मेधा_बॉस्टन

वेळेबद्दल शंभर टक्के सहमत. निर्णयाबद्दल नाही.

सुहास_सनीव्हेल

कॅश पुढे टँपा बेचा मॅनेजर झाला आणि २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. बाकावर बसून खेळ वाचणाऱ्या या लोकांना खेळ किती कळतो बघा. निखिल, तुझ्या ०.१९३वाल्या माणसाकडेही ते डोकं होतंच की.

निखिल_पी

डोकं होतं काका, नाही कोण म्हणतंय? त्याला कोच म्हणून ठेवलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मेरेडिथ गेला तो गेलाच. पुढचा धागा त्याच्यावर काढतो.