टायर ओढताना लॅब्रडॉर मान वर का करतो?

रामबागवाला, इंदूर: दोन वर्षांचा लॅब, ३२ किलो. छातीवर आडवा पट्टा येणारा हार्नेस घालून स्कूटरचा टायर ओढायला लावतो. पुढची पावलं आखूड पडतात, मान वर जाते. वजन जास्त होतंय का?

पट्टेवाला: टायर नव्हे, पट्टा बदला. आडवा पट्टा खांद्याच्या सांध्यावर बसतो, मग पाय पुढे जाणार कसा? वाय आकाराचा, छातीच्या हाडावर टेकणारा घ्या. श्वासनळी मोकळी राहायला हवी. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ओढताना तो डोकं खाली घालून छाती पट्ट्यात रेटतो, भार मागे सरकतो, आणि मागचे पाय ढोपर, घोटा सरळ करत जमीन मागे ढकलतात. खरं इंजिन तिथेच. दोर आखूड असला की कुत्र्याला ओढ तिरकी, खालच्या दिशेने लागते आणि मान उचलली जाते. कुत्र्यामागे दीड-दोन मीटर दोर सोडा.

मोतीची_आई: सगळ्यात जड असतो तो पहिला हिसका, टायर हलला की ओढ कमी लागते. म्हणून तीन किलोपासून सुरुवात करा. फरशीवर नको, नखं रुतत नाहीत आणि मागचे पाय फाकतात. मातीचं मैदान बरं. लॅबमध्ये खुब्याचा दोष बराच आढळतो, आधी एक्स-रे काढून घ्या.

रामबागवाला: संध्याकाळी सहाला चालेल?

मोतीची_आई: मे महिन्यात अजिबात नाही, डांबर तेव्हाही तापलेलं असतं. पहाटेच, दहा मिनिटं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली की थांबा.