रिकर्शन म्हणजे पुनरावृत्ती का?

हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. सुरुवातीचे सराव चालू आहेत, यादीची लांबी काढा, शेवटचा घटक काढा, यादी उलटी करा वगैरे. नोट्स मराठीत काढतोय. रिकर्शनला, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याला, पुनरावृत्ती म्हटलं तर चालेल का, की आवर्तन बरं?

– – –

पुनरावृत्ती नकोच. पुनरावृत्ती म्हणजे तेच परत करणं, ते लूपला शोभतं, आणि हॅस्केलमध्ये तर फॉर-व्हाइल अशी रचनाच नाहीये. बेरजेचा सराव घ्या. व्याख्या दोनच ओळींची ([] म्हणजे रिकामी यादी, क म्हणजे पहिला घटक, बाकी म्हणजे उरलेली यादी):

बेरीज [] = ०
बेरीज (क : बाकी) = क + बेरीज बाकी

आता [४, ७, ९] दिलं की काय होतं ते कागदावर लिहून काढा, खरंच काढा, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही:

४ + बेरीज [७, ९]
४ + (७ + बेरीज [९])
४ + (७ + (९ + बेरीज []))
४ + (७ + (९ + ०))

म्हणजे २०. यात तेच परत कुठे झालं? दरवेळी यादी एका घटकाने लहान झाली, आणि बेरजा सगळ्या अडकून राहिल्या त्या रिकामी यादी आल्यावरच सुटल्या. नोट्समध्ये पुनरावृत्ती लिहिलंत की मन लूपमधला काउंटर शोधायला लागतं, आय (i) किती झाला, कुठे वाढवायचा, आणि इथे तर आय नाहीच.

– – –

मग आवर्तन? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ परत धावणे असाच आहे ना.

– – –

व्युत्पत्तीने जवळ आहे, मान्य. पण मराठीत आवर्तन म्हटलं की तबल्याचं आवर्तन डोळ्यासमोर येतं, समेवरून निघून परत समेवर. आवर्ती दशांश अपूर्णांकातही ०.३३३… तोच ३ येत राहतो, बँकेतली आवर्ती ठेव पण तशीच, दर महिन्याला तेवढीच रक्कम. सगळीकडे चक्र आहे. यादी लहान न करता बेरजेने स्वतःलाच कॉल केलं तर असं चक्र होईल, पण मग उत्तरच येणार नाही. उलट रिकाम्या यादीची ओळ लिहायची राहिली तर चक्र होत नाही, पॅटर्न (यादीचे हाताळलेले प्रकार) अपुरे आहेत असा एरर येतो. हे दोन घोटाळे वेगळे आहेत, आवर्तन म्हटल्यावर दुसरा सुचतच नाही. मी तर सरळ रिकर्शनच लिहितो आणि पुढे कंसात "उरलेल्यावर तेच फंक्शन".

– – –

पटलं. फोल्डला, म्हणजे यादीतले घटक एकेक करून एकत्र करणाऱ्या फंक्शनला, काय म्हणायचं मग, घडी?

– – –

घडी घातलेलं कापड तेवढंच राहतं हो, आणि फोल्डमधून यादी जाऊन बहुतेक वेळा एकच उत्तर हाती येतं. मला गोळाबेरीज आवडतो, शब्द आपल्याकडे आधीपासून आहे आणि "एकंदरीत काय निघालं" हा अर्थही त्यात आहेच. वरची बेरीज उजव्या फोल्डने (foldr) एका ओळीत होते, अधिकचं चिन्ह आणि ० दिलं की झालं. अधिकच्या जागी गुणिले आणि ० च्या जागी १ टाका, गुणाकार मिळतो, तेव्हा मात्र गोळाबेरीज म्हणताना जीभ जरा अडखळते खरी. कुणाला गुणाकारालाही चालेल असा शब्द सुचत असेल तर सांगा.