अष्टहजारी शिखरावर वाटेत अडलेला माणूस दिसला तर नेमकं काय करायचं?

रानवाटा:
एव्हरेस्टचा विषय निघाला की २००६ मध्ये तिथे मेलेला गिर्यारोहक डेव्हिड शार्प निघतोच. उत्तर बाजूला साधारण ८५०० मीटरवर तो बसून होता आणि चाळीसेक जण बाजूने गेले, असं तेव्हा छापून आलं. 'माणुसकी मेली' आणि 'तिथे काहीच करता येत नाही' ही दोन्ही मतं ऐकून झाली. दोरावर असताना काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि किती ऑक्सिजन हाताशी असेल तर थांबणं परवडतं?

कोकणकडा:
आधी हिशेब. ४ लिटरची ऑक्सिजनची बाटली ३०० बार दाबाला भरली की साधारण १२०० लिटर. मिनिटाला २ लिटरने १० तास, ४ लिटरने ५. गेजवरचा (दाबमापकावरचा) आकडा गुणिले ४, भागिले प्रवाह, की मिनिटं निघतात. १२० बार उरले असतील तर ४८० लिटर, म्हणजे २ वर ४ तास. त्यातून कॅम्पवर उतरायचा वेळ वजा करा, दोरावरच्या गर्दीसाठी आणखी दोन तास बाजूला ठेवा. उरेल तेवढंच देण्यासारखं. उतरताना हे उत्तर बहुधा शून्य येतं. चढताना येत नाही, कारण शिखर सोडलं की तिथवरचा ऑक्सिजन वाचतो. खरी कसोटी चढतानाच.

क्रम असा: आधी आपला सेफ्टी कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) दोरात, मग त्याचा. मग त्याचा मास्क बघा. उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हवर वाफ गोठून बसते, ती बोटांनी चेपून फोडायची. गेज शून्यावर असेल तर बाटली बदला. आटे पुसून सरळ बसवा, बर्फाचा कण अडकला की फुसफुस आवाज येतो आणि तासाभराचा गॅस वाया जातो. आतले पातळ हातमोजे या वेळी काढायचे नाहीत, धातूला कातडी चिकटते. प्रवाह ४ वर. डेक्सामेथासोन (उंचीमुळे मेंदूला आलेली सूज उतरवणारं औषध) ८ मिलिग्रॅम, गिळता येत नसेल तर मांडीत इंजेक्शन, सूटवरूनच. पुढे दर ६ तासांनी ४.

मग एकच प्रश्न: उभा राहतो का? शार्पला उतरणाऱ्यांपैकी काहींनी ऑक्सिजन दिला, उभं करायची धडपडही केली, पण पाय धरेनात. त्याच महिन्यात, त्याच बाजूला लिंकन हॉल या गिर्यारोहकाला मेला समजून सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी डॅन मेझरच्या तुकडीला तो जिवंत बसलेला सापडला, त्यांनी शिखर सोडलं, खालून शेर्पा आले. हॉल चालू शकत होता, म्हणून वाचला.

जुमार:
हिशेब पटला, पण 'उभा राहतो का' ही कसोटी लोक फार लवकर लावतात. १९९६ मध्ये साऊथ कोलजवळ (दक्षिण बाजूच्या शेवटच्या कॅम्पची खिंड) बेक वेदर्स या गिर्यारोहकाच्या जगण्याची आशा सोडून त्याला तिथेच ठेवलं होतं. तो स्वतः उठून कॅम्पवर चालत आला. रिकाम्या बाटलीवर बसलेला माणूस हाकेला ओ देणार नाहीच. ऑक्सिजन सुरू करून किमान पंधरा-वीस मिनिटं द्या आणि मग ठरवा. डेक्साची वाट बघत बसू नका, त्याला तास लागतात.

बर्फकुऱ्हाड:
न चालणाऱ्याला आणताच येत नाही असंही नाही. मे २०२३ मध्ये गेल्जे शेर्पाने साऊथ कोलच्या वरच्या 'बाल्कनी' या टप्प्याजवळून एका मलेशियन गिर्यारोहकाला खाली आणलं. स्लीपिंग मॅटमध्ये गुंडाळून, कुठे पाठीवर, कुठे ओढत. सुमारे ६०० मीटर उतरायला साधारण सहा तास लागले, निमा ताशी शेर्पाही मदतीला होते. पुढे कॅम्प ३ वरून हेलिकॉप्टरने दोराला लटकवून उचललं. त्याआधी गेल्जेने आपल्या ग्राहकाला शिखर सोडायला राजी केलं होतं, हे मात्र बातम्यांत एका ओळीत उरकलं जातं.

एक गोष्ट मला खटकते. 'आपण थांबलो' म्हणताना ओढायचं काम शेर्पाच्या खांद्यावर पडतं. ते तुम्ही परस्पर कबूल करायचं नाही. त्याला विचारा, आणि 'नाही' म्हणाला तर ते ऐका.

रानवाटा:
म्हणजे बरंचसं निघण्याआधीच ठरवायला हवं. करारात काय लिहून घ्यायचं?

कोकणकडा:
शेवटच्या कॅम्पवर कुणाच्याही नावावर नसलेल्या किती बाटल्या राहतील, त्या वर पाठवायचा निर्णय कोण घेणार, परत फिरायची वेळ काय, आणि बचावात उतरलेल्या शेर्पाचा शिखर-बोनस कापला जाणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर आयोजक कुरकुर करतात. तो आधी लिहून घ्या, मग पैसे भरा.