बागान झोपलं नव्हतं हो

इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या २०२४ च्या अंतिम सामन्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'मोहन बागान झोपलं म्हणून मुंबई सिटीला चषक मिळाला.' हे मत पटलं नाही. ४४ व्या मिनिटाला बागानच्या कमिंग्जने गोल मारला, तेव्हा जागंच होतं की! ४ मे २०२४ ची ती रात्र, सोलापूरची गच्ची तव्यासारखी तापलेली, एका मोबाइलवर आम्ही चौघं, मध्ये कडक भाकरी अन् शेंगाचटणी. खालच्या यंत्रमागांच्या खडखडाटात कॉमेंट्री कुठली ऐकू येतीय! मुंबईच्या दियाझने बरोबरी साधली, मग बिपिन अन् वोइटुस यांनी गोल मारले. हे दोघं बदली म्हणून उतरलेले, ते कुणी लिहिलंच नाही. मुंबई ३-१, तेही बागानच्या कोलकात्यात.

त्यानंतरचा हंगाम मात्र तेव्हा अवघड दिसत होता. मुंबईचे दियाझ, भेके बेंगळुरू संघाकडे गेले ते एक वेळ चाललं असतं, पण मधल्या फळीतला आपुइया थेट बागानकडेच? तसा पोरगा आणायचा होता कुठून?