दक्षिण मुंबईत आईवडिलांसाठी छोटे, देखणे हॉटेल: खोली कशी पारखावी?

मुलुंडकर

नमस्कार.

माझे वडील पोर्ट ट्रस्टच्या सेवेतून निवृत्त झाले आणि आईला घेऊन चिपळूणला स्थायिक झाले. त्यांची सारी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये गेली. परंतु सकाळी व्हीटीला उतरून कचेरी गाठायची आणि संध्याकाळी ठरलेली लोकल पकडायची, यापलीकडे त्या भागात रेंगाळण्याची सवड त्यांना कधी मिळाली नाही. येत्या डिसेंबरात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने दोघांना तीन रात्री फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेट भागातल्या एखाद्या छोट्या आणि देखण्या हॉटेलात ठेवावे, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे.

मोठ्या साखळी हॉटेलांचा विचार आम्ही केला होता. तिथे स्वच्छतेची आणि सेवेची खात्री असते, हे मान्य आहे. पण एक खोली पाहिली की सगळ्या पाहिल्यासारख्या होतात, आणि आपण मुंबईत आहोत की आणखी कुठे, हे पडदा सरकवल्याशिवाय कळत नाही. आम्हाला हवी आहे ती मोजक्या खोल्यांची, जुन्या इमारतीतली, कुणीतरी मनापासून सजवलेली जागा. एका खोलीसाठी रात्रीला नऊ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

अडचण अशी आहे की संकेतस्थळांवरच्या छायाचित्रांत प्रत्येक खोली सुंदरच दिसते. वडिलांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे जिना आणि न्हाणीघर या दोन गोष्टी आमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. अशा हॉटेलात खोली ठरवण्यापूर्वी नेमके काय विचारावे? शिवाय माझा भाचा बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई सेंट्रलला उतरणार असून, स्टेशनातल्या पॉडमध्ये, म्हणजे एकट्याने झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यात, राहायचे असा त्याचा हट्ट आहे. तो अनुभव कसा असतो, हेही कुणी सांगितले तर बरे होईल.

गवाक्ष

जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करत असल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लंडनमधले ब्लेक्स हे १९७८ साली आणि न्यूयॉर्कमधले मॉर्गन्स हे १९८४ साली सुरू झाले, आणि मोजक्या खोल्या व एका व्यक्तीची ठाम आवडनिवड हा हॉटेलचा नवा प्रकार तिथून रुळला. मुंबईत त्याला वेगळे वळण मिळाले, कारण दक्षिण मुंबईत नव्याने बांधायला जागाच नव्हती. इथली बहुतेक छोटी हॉटेले राहत्या घरांच्या किंवा कचेऱ्यांच्या इमारतींत, कधी एखाद्याच मजल्यावर, थाटली गेली आहेत. रीगल सिनेमाच्या मागे लॅन्सडाउन हाउसमध्ये असलेले अबोड हे याचे चांगले उदाहरण आहे. तिथे जुने लाकूड आणि जुने सामान वापरून खोल्या सजवल्या आहेत, आणि त्याच मजल्यावर ऐसपैस खोल्यांच्या जोडीला सामाईक न्हाणीघर असलेल्या लहान खोल्याही आहेत.

यामागचे कारण समजून घेतले, तर काय विचारायचे ते आपोआप सुचते. मूळ घराची दालने रस्त्याच्या बाजूला उंच खिडक्या घेऊन असायची, आणि स्वयंपाकघर व मोऱ्या मागच्या बाजूला, सांडपाण्याच्या नळांना धरून असायच्या. त्याच मजल्याच्या दहा-वीस खोल्या केल्या की रस्त्याकडच्या खोल्यांना उजेड, वारा आणि उंची मिळते. मधल्या खोल्यांना मात्र इमारतीच्या आतल्या चौकाच्या अरुंद पोकळीकडे उघडणारी खिडकी मिळते, किंवा तीही मिळत नाही. छायाचित्रात ही उणीव पिवळ्या दिव्यांनी झाकली जाते. म्हणून खोलीच्या प्रकाराचे नाव न विचारता खोलीचा क्रमांक विचारावा, आणि तिची खिडकी कशावर उघडते ते लेखी कळवण्यास सांगावे. न्हाणीघर नंतर बसवलेले असल्यास नळ नेण्यासाठी त्याची जमीन खोलीपेक्षा चार-सहा इंच वर घेतलेली असते. रात्री झोपेतून उठलेल्या वयस्कर माणसाला हाच उंबरठा दगा देतो, तेव्हा त्याविषयी स्पष्ट विचारावे.

आता जिना. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे, आणि वारसा यादीतल्या इमारतीत बदल करायचे तर श्रेणीनुसार वारसा संवर्धन समितीची संमती लागू शकते. त्यामुळे लिफ्ट हवी तिथे बसवता येतेच असे नाही. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायला पाच-सात दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, आणि 'लिफ्ट आहे का' या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे 'आहे' असेच मिळते. म्हणून फुटपाथपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, असा प्रश्न विचारावा. जुन्या सागवानी जिन्याच्या पायऱ्या मध्यभागी झिजून किंचित खोलगट झालेल्या असतात. डोळ्यांना त्या फार सुंदर दिसतात, पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला कठड्याच्या बाजूनेच चढू द्यावे.

बॅलार्ड इस्टेट मनात असेल तर तिथल्या ग्रँड हॉटेलची चौकशी अवश्य करावी. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या भरावावर हा सारा भाग उभा राहिला आणि गेटवेचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी त्याची आखणी केली, हे आपल्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. ज्या शहराने काळ्या घोड्याजवळचे वॉट्सन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, ते ओतीव लोखंडाचे हॉटेल जीर्ण होऊ दिले, त्या शहरात जुन्या इमारतीत पाहुणे उतरत राहणे ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. वापरात असलेल्या इमारतीची डागडुजी होते. रिकामी पडलेली इमारत खचत जाते.

रात्रपाळी

मी पूर्वी कुलाब्यातल्या एका छोट्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काम केले आहे. गवाक्ष यांनी इमारतीची बाजू नीट मांडली आहे, मी पैशांची आणि तारखांची सांगतो.

खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सध्या ५ टक्के जीएसटी लागतो, आणि त्याच्या वर गेले की १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकाचे असे हजाराहून अधिक होतात. बुकिंगच्या ॲपवर मोठ्या अक्षरांत दिसणारी रक्कम बहुधा कर वगळून असते. आपल्याला आवडलेली खोली ७,८०० किंवा ८,००० रुपयांची असेल, तर थेट हॉटेलला फोन करून न्याहारी वेगळी धरून भाडे ७,५०० रुपयांपर्यंत बसते का, असे विचारावे. छोट्या हॉटेलात फोनवर बहुतेक वेळा निर्णय घेणारी व्यक्तीच असते, आणि तीन रात्रींचे बुकिंग कुणी सहजासहजी हातचे जाऊ देत नाही. लग्नाचा सुवर्णमहोत्सव आहे हे मात्र आधीच सांगावे. असे पाहुणे येणार हे कळले की आम्ही सर्वांत शांत आणि उजेडाची खोली राखून ठेवत असू. ऐन वेळी कळले तर इच्छा असूनही काही करता येत नसे.

तारखांबाबत इतकेच सांगेन की वीस डिसेंबरनंतर भाडी चढू लागतात आणि नाताळ ते नववर्ष या काळात या बजेटमध्ये मनासारखे काही मिळणे कठीण आहे. गेटवेजवळची खोली घेतल्यास ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास तिथले रस्ते बंद होऊ शकतात, आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी दादर भागात वाहतुकीत मोठे बदल असतात, हे मुलुंडहून गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट आठवडाभर गजबजलेले असतात. शनिवारी दुपारनंतर कचेऱ्या बंद होतात आणि रविवारी सकाळी तिथे निवांत चालता येते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन रात्री घेतल्यास वडिलांना तो भाग दोन्ही रूपांत पाहता येईल. कुलाबा कॉजवेचे मात्र उलटे आहे. तिथे शनिवारची रात्र सर्वांत गोंगाटाची असते, त्यामुळे रस्त्याकडची खोली सुंदर असली तरी झोपेचे खोबरे होऊ शकते. अशा वेळी ऑलिव्हर रोडवरच्या बेंटलीजसारख्या आतल्या गल्लीतल्या जागा बऱ्या. तिथे सजावट साधी आहे, पण जुन्या कुलाब्याची झाडी आणि शांतता आहे.

मरीन ड्राइव्हवरच्या सी ग्रीनविषयीही हेच म्हणता येईल. खोल्या साध्या आहेत. परंतु ज्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांच्या रांगेत राहून सज्जातून समुद्र पाहता येतो. समुद्राकडचीच खोली मिळणार असेल तरच तिथे जावे.

बोरीबंदर_ते_बडोदा

भाच्याच्या हट्टाविषयी लिहितो. मुंबई सेंट्रलचे पॉड हॉटेल नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात ४८ पॉड होते, आणि सुरुवातीचे दर बारा तासांना ९९९ रुपये व चोवीस तासांना १,९९९ रुपये असे होते. आताचे दर तपासून घ्यावेत. ही कल्पना मूळची जपानी असून किशो कुरोकावा या वास्तुकाराने १९७९ साली ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल उभारले.

आतून पॉड म्हणजे स्लीपर डब्यातल्या बर्थला भिंती, दार, दिवा आणि थंड हवा दिल्यासारखा असतो. बसून वाचता येते, उभे राहता येत नाही. सामान बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागते, त्यामुळे रात्री लागणारी औषधे, चार्जर आणि पाण्याची बाटली आधीच जवळ घ्यावी. न्हाणीघरे सामाईक असतात, पण मी गेलो तेव्हा ती स्वच्छ होती. खरा त्रास शेजाऱ्याच्या फोनच्या गजराचा होतो, कारण पहाटेच्या गाड्या पकडणारे बरेच जण तिथे असतात. तरुण मुलाला एका रात्रीसाठी हे उत्तम आहे. दोन वरच्या-खालच्या पॉडपैकी खालचा मागावा, कारण वरच्याला शिडी चढावी लागते.

वाडीकर

हॉटेलांपलीकडचा एक पर्याय सुचवते, तो म्हणजे कुटुंबाच्या घरी राहण्याचा. गिरगावातली खोताची वाडी किंवा वांद्र्याचे रणवार अशा ठिकाणी लाकडी जिन्यांची, ओटीची, रंगीत काचांच्या खिडक्यांची घरे अजून उभी आहेत, आणि अशा वस्त्यांत काही घरमालकांनी पाहुण्यांसाठी खोल्या ठेवल्या आहेत. सकाळी खिडकीखालून पाववाल्याची सायकल जाते, समोरच्या ओट्यावर कुणीतरी वर्तमानपत्र वाचत बसलेले असते, आणि घरातली माणसे न्याहारीच्या वेळी गप्पांना बसतात. अशी आपुलकी कोणत्याही सजावटीने आणता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मात्र निवड डोळ्यांत तेल घालून करावी. पर्यटन मंत्रालयाच्या निवास व न्याहारी योजनेत मालकाने त्याच जागी राहणे अपेक्षित आहे आणि जास्तीत जास्त सहा खोल्या देता येतात. ॲपवर दिसणाऱ्या पुष्कळ जागा अशा नसतात. त्या गृहनिर्माण सोसायटीतले रिकामे फ्लॅट असतात. माझ्या नणंदेच्या कुटुंबाला उपनगरातल्या अशाच एका सोसायटीच्या फाटकावर रात्री साडेदहाला पहारेकऱ्याने अडवले, कारण सोसायटीने अल्पकाळाच्या पाहुण्यांना बंदी केली होती आणि मालकाने ते कळवलेच नव्हते. मुले झोपेला आलेली, मालक फोन उचलेना, असा तो प्रसंग होता. त्यामुळे मालक स्वतः तिथे राहतो का आणि सोसायटीची परवानगी आहे का, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. आपल्या वडिलांच्या गुडघ्याचा विचार करता वाडीतल्या घरात तळमजल्याची खोली मिळाली, तरच हा पर्याय घ्यावा.

मुलुंडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज तीन हॉटेलांना फोन केले आणि फुटपाथपासून खोलीपर्यंतच्या पायऱ्यांचा प्रश्न विचारला. एका ठिकाणी उत्तर टाळले गेले, ती जागा यादीतून काढली. दुसऱ्या ठिकाणच्या व्यवस्थापकांनी फोन चालू ठेवून स्वतः पायऱ्या मोजल्या, न्हाणीघराच्या उंबरठ्याची उंची सांगितली आणि कोपऱ्यावरच्या खोलीचा क्रमांकही दिला. बहुतेक तीच खोली ठरेल.

आता एकच शंका उरली आहे. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि घटाची पूजा ती घरीच करते, म्हणून गुरुवारी आमच्याकडे मुलुंडला राहून शुक्रवारी सकाळी निघावे असे ठरते आहे. खोली दुपारी दोनला मिळते म्हणतात. अकरा वाजता पोहोचलो तर छोट्या हॉटेलात आत घेतात का?

रात्रपाळी

आदल्या रात्री ती खोली रिकामी असेल तर बहुधा घेतात, आणि पैसेही मागत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी फोन करून विचारावे, कारण दुसऱ्या दिवशी कोणत्या खोल्या रिकाम्या होणार आहेत हे तोवर स्वागतकक्षात स्पष्ट झालेले असते. नाहीच मिळाली, तर सामान तिथे ठेवून घेतील आणि बसायला जागा देतील. औषधांची पिशवी तेवढी हातात ठेवावी.