महिन्याचे पैसे १८ तारखेलाच संपतात, चांगलं अ‍ॅप सुचवा (फर्स्ट इयर)

रिकामा_बटवा
लवकर उत्तर हवंय प्लीज. कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले. घरून एक तारखेला पैसे येतात, पहिल्या महिन्यात २५ तारखेपर्यंत पुरले, दुसऱ्यात २१, आणि या महिन्यात आज १८ आणि अकाउंट साफ. मी उधळ्या कॅटेगरीतली अजिबात नाही, कपडे वगैरे काही घेत नाही, तरी कुठे जातात कळत नाही. तीन अ‍ॅप टाकून बघितली, एकात चार दिवस नोंदी केल्या, दुसऱ्यात दोन, तिसरं उघडलंच नाही. तर खर्च आपोआप पकडणारं, फुकटातलं, जाहिराती नसलेलं अ‍ॅप सांगा. घरी जास्त मागायला सांगू नका, ते होणार नाहीये.

सरळरेषा
भावा, किती येतात, त्यात काय काय भागवायचं आहे, फी कोण भरतं, मेस आहे का, यातलं काहीच लिहिलं नाहीस. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणाल्यासारखं झालं हे.

कंपाउंडिंग_किंग
सगळ्यात आधी इन्व्हेस्टमेंट चालू कर. अठराव्या वर्षी महिन्याला थोडे जरी बाजूला टाकलेस तरी चाळिशीत चमत्कार दिसेल, मी २३ व्या वर्षी सुरू केलं त्याची हळहळ आजही आहे. इंडेक्स फंडाबद्दल (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) सविस्तर लिहू का?

सरळरेषा
@किंग, त्याला १९ तारखेला जेवायचं आहे हो. चाळिशीचं नंतर बघू.

रिकामा_बटवा
भावा नाही, मुलगी आहे मी. फी आणि हॉस्टेलचं भाडं घरून परस्पर जातं, मेसही त्यातच. हातात येतात ते बाकी सगळ्याला. आकडा सांगत नाही, ओळखीचं कोणी वाचत असेल. आणि अ‍ॅप विचारलं होतं मी.

जमाखर्चवाली
अगं आकडा नकोच, सगळे मिळून १०० धर आणि त्यातले कशावर किती गेले ते सांग. बँकेचं स्टेटमेंट उघड, १ ते १८, एक कागद घे आणि नुसत्या रेघा मारत जा. अर्धा तास लागेल. अ‍ॅपने हे काम आपोआप होत नाही, कारण अ‍ॅपला दुकानाचं नाव दिसतं, तू तिथे का गेली होतीस ते दिसत नाही.

पाकीटमार_नव्हे
कॅश!! बाकी सगळं झूठ. एक तारखेला पैसे काढायचे, पाकिटं करायची, पाकीट रिकामं झालं की तो विषय बंद. फोनने पैसे देताना काही गेल्यासारखं वाटतच नाही, नोट देताना हात जरा थांबतो. चार वर्षं हॉस्टेलला असंच काढली मी.

हॉस्टेल_पासआऊट
आणि पाकीट चोरीला गेलं की महिनाभराचा विषय बंद. आमच्या विंगमध्ये झालंय. कॅशपेक्षा दुसरं अकाउंट बरं, मोठ्या अकाउंटमधून दर सोमवारी आठवड्याचे पैसे छोट्यात टाकायचे आणि फोनला फक्त छोटं जोडलेलं ठेवायचं.

पाकीटमार_नव्हे
छोट्यातले संपले की मोठ्यातून ओढायला किती वेळ लागतो? दहा सेकंद. स्वतःला फसवायचे धंदे आहेत हे.

हॉस्टेल_पासआऊट
कपाटातून दुसरं पाकीट काढायलाही दहाच सेकंद लागतात.

नियमावली
५०/३०/२० माहितीय का कोणाला? निम्मे गरजेला, ३० हौसेला, २० शिल्लक. सोपं आहे, जगभर चालतं.

जमाखर्चवाली
ते अमेरिकन राजकारणी एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ च्या पुस्तकातून लोकप्रिय केलं आणि ते टॅक्स कापून हातात येणाऱ्या पगारावर आहे. भाडं, किराणा, कर्जाचे हप्ते त्या ५० मध्ये धरलेत. हिचं भाडं आणि जेवण आधीच वजा झालंय, मग निम्मे गरजेला म्हणजे कशाला? झेरॉक्सला?

दैनंदिनी
जपानी पद्धत बघ, काकेबो. हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये काढली. वहीत हाताने लिहायचं आणि खर्चाचे चारच कप्पे, गरज, हौस, वाचन-कला वगैरे आणि अचानक आलेलं. माझी सहावी वही चालू आहे. पेन मात्र चांगलं घे, लिहावंसं वाटलं पाहिजे. फोटो टाकू का वहीचा?

खवचट_काका
'काकेबो' म्हणजे काकांना कोणी बोलावलं असं वाटलं मला, धावत आलो. (कृपया हलके घ्या.)
आमच्या वेळी बजेट हा शब्द फक्त सरकारला होता. आम्ही हिशेब ठेवायचो.

रिकामा_बटवा
बरं बसले एकदाची. पलंगावर फोन धरून मोजलं, १८ दिवसांत ६१ पेमेंट निघाली, मला वाटलं होतं वीसेक असतील. १०० धरून:
ग्रुपबरोबर बाहेर ३१
कॅन्टीन २०
येणं-जाणं ११
रिचार्ज आणि सबस्क्रिप्शन ७
प्रिंट, स्टेशनरी ६
इतर २५

सरळरेषा
इतर २५?? एवढं मोठं इतर असतं होय?

भीमटोला
सबस्क्रिप्शन बंद कर आधी. फ्री ट्रायल म्हणून घेतलेलं आपोआप रिन्यू होतं, कार्डाची माहिती आधीच दिलेली असते ना. मी एकदा अकरा महिने असल्या अ‍ॅपचे पैसे भरले जे फोनवर नव्हतंच.

रिकामा_बटवा
इतर म्हणजे, रूममेटचे गेल्या महिन्यातले उसने १ तारखेलाच परत केले ते १५, दोन वाढदिवसांची कॉन्ट्री ४, क्लबचा टी-शर्ट ३ आणि ३ खरंच आठवत नाहीत. @भीमटोला एक सापडलं, धन्यवाद, बंद केलं.

जमाखर्चवाली
आता ते ३१ सांग. त्यात तुझं एकटीचं किती?

रिकामा_बटवा
म्हणजे?

जमाखर्चवाली
म्हणजे बिल कोण देतं?

रिकामा_बटवा
बहुतेक वेळा मीच स्कॅन करते, कॅशबॅक मिळतो म्हणून. मग नंतर सगळे देतात. बरेचसे देतात. तुम्ही विचारल्यावर चॅट वर सरकवत परत मोजलं, आलेले वजा करून ३१ आहेत, त्यातले माझे १८ आणि १३ अजून यायचेत. पाच जणांकडून. मला वाटलं होतं जास्तीत जास्त चार-पाच येणं असेल. पण आता दोन-दोन आठवड्यांपूर्वीचे कसे मागणार, चिंगूस वाटेन ना.

सरळरेषा
थांब थांब. रूममेटकडून तू उसने घेतेस आणि ग्रुपला उसने देतेस? बँक आहेस तू, बिनव्याजी.

पाकीटमार_नव्हे
कॅश असती तर हे झालंच नसतं.

खवचट_काका
भीड ही भिकेची बहीण, पोरी. आणि कॅशबॅक किती मिळाला आजवर?

रिकामा_बटवा
काका, एका कॉफीचा पण नाही.

हॉस्टेल_पासआऊट
टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करा ना सरळ, तिथल्या तिथे. तू स्कॅन केलंस तर उठायच्या आधी ग्रुपवर आकडा टाकायचा, 'प्रत्येकी इतके', समोर बसून सगळे देतात. हॉस्टेलला पोचल्यावर कोणी देत नाही, ते वाईट नसतात, विसरतात. मी पण विसरायचो, माझ्याकडे अजून एकाचे असतील.

कार्डवाला
विद्यार्थ्यांचं क्रेडिट कार्ड घे, १८ नंतरचे दिवस त्यावर काढ, पुढच्या महिन्यात भर. मी असंच करायचो.

जमाखर्चवाली
नको गं बाई. रूममेट निदान व्याज लावत नाही. कार्डाची किमान रक्कम भरली की लेट फी टळते एवढंच, उरलेल्यावर व्याज चालू राहतं, आणि बहुतेक कार्डांवर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. जी आत्ता २५ वरून १८ वर घसरलीय ती तीन महिन्यांत ८ वर येईल.
हे बघ, तुझाच हिशोब मांडते. १०० मधून रूममेटचे १५ आणि ग्रुपकडे अडकलेले १३ काढ. राहिले ७२, ते तू १८ दिवसांत स्वतःवर खर्च केलेस, म्हणजे दिवसाला ४. दिवसाला ४ ने १०० किती दिवस पुरतात? २५. पहिल्या महिन्यात तुझे २५ लाच संपले होते ना? तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं, उसनवारी नव्हती. म्हणजे तुझा हात तीन महिन्यांत सुटलेला नाही, तो आहे तेवढाच आहे. २५ वरून १८ वर आलीस ती देण्या-घेण्यामुळे. आणि २५ वरून ३० ला जायला दिवसाचे ४ चे सव्वातीन-साडेतीन करायचेत, सहातला एक भाग कमी. एवढंच आहे हे.

सरळरेषा
वा ताई. __/\__

रिकामा_बटवा
हे मी दोनदा वाचलं. मला वाटत होतं मीच बिघडलेय. आता सहातला एक कुठून काढू? बाहेर जायचं बंद केलं तर ग्रुपच राहणार नाही, आत्ताच कुठे ओळखी होतायत, दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

कंपाउंडिंग_किंग
एकदा बचतीची सवय लागली की इंडेक्स फंड...

हॉस्टेल_पासआऊट
@रिकामा_बटवा हे खरं आहे आणि यावर कोणी बोलत नाही. मी पहिल्या सहामाहीत याच भीतीने प्रत्येक प्लॅनला हो म्हणायचो. नंतर एक केलं, प्लॅन मीच आधी टाकायला लागलो. शुक्रवारी दुपारी कोणीतरी महागडं काही सुचवायच्या आत 'आज गच्चीवर पत्ते, येताना आपापलं खायला आणा'. निम्म्या वेळा सगळे खूश असायचे, कारण पैसे त्यांचेही संपलेले असायचे, बोलत कोणी नव्हतं. आणि जिथे जायचंच आहे तिथे उशिरा जा, जेवणानंतर पोच. गप्पा तेवढ्याच होतात.
अजून एक, महिन्याला चार आठवडे धरून भागू नकोस. वर्षात ५२ आठवडे आणि १२ महिने चोक ४८, म्हणजे चार वीकेंड तुझ्या हिशोबात नसतातच. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच-पाच वेळा येतात, त्यात शनिवार सापडला की गेलं. पाचने भाग, चार आठवड्यांना चार भाग, पाचवा भाग उरलेल्या दोन-तीन दिवसांना आणि वाढदिवसांना.

दैनंदिनी
यासाठी काकेबोत चौथा कप्पा आहे.

मीही_तिथलाच
अवांतर, पण कॅन्टीनचे २० कशाला? मेसचे पैसे भरलेत ना?

रिकामा_बटवा
मेसचा नाश्ता साडेसात ते साडेआठ असतो. मी पावणेनऊला उठते.

मीही_तिथलाच
सापडला सहातला एक भाग.

रिकामा_बटवा
:( बरं. आठचा अलार्म लावते, बघू.
अपडेट: ग्रुपवर सगळ्यांचे आकडे नावासकट टाकले, 'महिनाअखेर, माझा बटवा रिकामा, कृपा करा' असं हसत हसत लिहून. दोघींनी पाच मिनिटांत पाठवले, एक म्हणाली आधी का नाही सांगितलंस. एकाने नुसता अंगठा दाखवलाय. एकाने विचारलं 'हे कधीचे?' आणि पाचवा ऑनलाइन आहे, गप्प आहे. आलेले ९ झाले, म्हणजे या महिन्यात रूममेटकडून परत १५ घ्यावे लागणार नाहीत, ६ पुरतील. १९ ते ३० मात्र कसे काढायचे ते अजून कळलेलं नाही, मेसमध्ये जेवेन आणि पायी फिरेन.
अ‍ॅप मात्र कोणीच सुचवलं नाही.

खवचट_काका
हिशेब की हिशोब, ते आधी ठरवा. वर दोन्ही दिसतायत.

जमाखर्चवाली
काका, दोन्ही चालतात.

खवचट_काका
चालतात म्हणूनच १८ ला संपतात.