हॉस्पिटल कन्सल्टन्सी स्वतंत्रपणे सुरू करतेय, फी आणि सीव्हीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार, इथे हॉस्पिटल ॲडमिनमधले किंवा स्वतःचं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर असतील तर प्लीज वाचा, थोडं लांब झालंय.

मी बीएचएमएस, नंतर एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमधली मास्टर्स) केलं. आधी पुण्यात एका ट्रस्ट हॉस्पिटलला फ्लोअर मॅनेजर, मग एका टीपीएत (विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्लेम डॉक्टर, मग परत हॉस्पिटलमध्ये क्वालिटीला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन देणारी संस्था) कोऑर्डिनेटर, मधे काही काळ जीवनदायीचं (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) डेस्क, आणि सध्या एका फर्मतर्फे सांगली-सोलापूर-लातूरकडच्या छोट्या हॉस्पिटल्सचं काम. इंटरव्ह्यूला गेलं की एचआरचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम तुमचं नेमकं स्पेशलायझेशन काय, एका जागी का नाही राहिलात.

मला मनापासून वाटतं की हे सगळं एकच काम आहे. टीपीएत रोज दिसायचं की केसपेपरवर डायबेटिस लिहिलंय पण किती वर्षांपासून ते नाही, मग पॉलिसीच्या आधीचा आजार की नंतरचा हे कळत नाही, क्वेरी जाते, हॉस्पिटलला वाटतं कंपनी मुद्दाम अडवतेय आणि नातेवाईक बिलिंग काउंटरवर भांडत बसतात. क्वालिटीला आल्यावर कळलं की एनएबीएचलाही तेच हवंय, पहिल्या तपासणीची नोंद पूर्ण, तारीख-वेळ-सहीसकट. म्हणजे रात्रीच्या आरएमओने (ड्युटी डॉक्टरने) एक ओळ नीट लिहिली तर दोन्हीकडचं काम होतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी 3 तासांत मिळायला हवी, पण ते तास हॉस्पिटलची रिक्वेस्ट पोचल्यापासून मोजतात, आणि डिस्चार्ज समरीच संध्याकाळी टाइप होत असेल तर पेशंट दिवसभर बेडवर अडकतो. हे मला दिसतं कारण मी दोन्ही बाजूंना बसलेय. पण हे सीव्हीत कसं मांडू? नोकऱ्या क्रमाने लिहू की कामांप्रमाणे?

दुसरं म्हणजे फी. महिन्याची ठरावीक घ्यावी की प्रोजेक्टप्रमाणे? 50 बेडपर्यंतच्या हॉस्पिटलला एनएबीएचचे वेगळे स्टँडर्ड्स आहेत त्यामुळे काम आवाक्यातलं असतं, पण ट्रेनिंग दिलेल्या सिस्टर्स वर्षभरात सोडून जातात आणि सगळं परत पहिल्यापासून. एका ठिकाणी तर विचारलं, पास झालेल्या क्लेमवर टक्केवारी घ्या. काय करावं?

प्रतिसाद १:
ताई, माझं तीस बेडचं हॉस्पिटल आहे तालुक्याला, त्या बाजूने सांगतो. आमच्याकडे येऊन एनएबीएचने सुरुवात करू नका, डॉक्टर लोक फायलींचा ढीग बघून घाबरतात. गेल्या काही महिन्यांतले रिजेक्ट झालेले आणि कापलेले क्लेम मागा आणि प्रत्येकाचं कारण लिहून दाखवा, आम्हाला लगेच कळेल तुम्ही कशासाठी हव्या आहात. अजून एक, तुमची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की बिलावर 18 टक्के जीएसटी लागणार आणि उपचारांवर जीएसटी नसल्याने आम्हाला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो सगळा खर्चच. रेट बोलताना जीएसटीसकट बोला, नंतर वाद नको.

प्रतिसाद २:
टक्केवारी अजिबात घेऊ नका. आज ना उद्या कोणीतरी म्हणेल की मॅडम, क्लेम पास व्हावा म्हणून हा पेपर जरा परत लिहून द्या. मी टप्प्यांनी घेते, गॅप असेसमेंट (स्टँडर्ड्सच्या मानाने काय कमी पडतंय ते बघणं) झाल्यावर एक भाग, अर्ज भरल्यावर एक, एनएबीएचचं असेसमेंट झाल्यावर उरलेला. सर्टिफिकेट मिळाल्यावर पैसे ही अट मान्य करू नका, निर्णय एनएबीएचचा असतो, तुमचा नाही. सिस्टर्सचं म्हणाल तर प्रत्येक वॉर्डात एक जुनी सिस्टर धरून तिलाच ट्रेनर करा, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) चेक करण्यापासून सगळं ती नवीन मुलींना शिकवते. सीव्हीत कामांप्रमाणे लिहा, क्लेम आणि क्वालिटी दोन्ही केलेली माणसं मला तरी फार कमी भेटलीत.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार, रिजेक्ट झालेल्या क्लेमपासून सुरुवात करायचं पटलं, टक्केवारीला नाहीच म्हणते. फक्त एक राहिलं, पेशंटचे पेपर बघायचे तर गोपनीयतेचा करार हॉस्पिटलबरोबर वेगळा करता का कामाच्या करारातच कलम टाकता? कोणाकडे मराठीत मसुदा असेल तर प्लीज इथेच टाका, तालुक्याच्या डॉक्टरांना इंग्रजी करार दाखवला की सही वकिलाकडे अडकते.